आईची कात्री कोणाच्या हाती द्यावी?

नमस्कार ताई,

फेब्रुवारीत आई अचानक गेली. बाबा आधीच गेले होते. १९९१ साली आईनं सदाशिव पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एका मशीनवर ब्लाऊज शिवायला सुरुवात केली. आज कोथरूडला तिच्याच नावाचं दुकान आहे, मागे कारखाना आहे, १४ माणसं कामाला आहेत. खण आणि इरकल वापरून तिनं केलेले ब्लाऊज, कुर्ते, लग्नाचे सेट बाहेरगावीही जातात. पाठीवर इरकलीचा काठ आडवा लावायची तिची पद्धत लोक लांबून ओळखतात. दहा वर्षांपूर्वीचा ब्लाऊज घेऊन बायका यायच्या आणि आई आतली माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, उसवून तो सैल करून द्यायची, पैसे न घेता.

मी बँकेत आहे. दुकानाचे हिशेब मीच बघत आले, पण मला ना चित्र काढता येतं ना शिवता. कटिंग मास्तर आईकडे पहिल्यापासून आहेत. शिवाय एक २८ वर्षांची मुलगी आहे, सोलापूरची, डिझाइन शिकलेली, सहा वर्षं आईच्या हाताखाली. गेल्या दोन लग्नसराईंत आईनं निम्मे सेट तिच्यावरच सोडले होते. दिवाळीसाठी तिनं नवे नमुने केले, त्यात खणाच्या ब्लाऊजांना काठच नाही. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईंनी हे कारखान्याबाहेर जाऊ दिलं नसतं." ती रडत घरी गेली. गिऱ्हाइकं म्हणतात, काकूंसारखंच हवं. मामा-मावश्या म्हणतात, आईची गादी मुलीनंच चालवायची. दादा न्यू जर्सीला असतो. मुंबईची एक कंपनी नाव विकत घ्यायला तयार आहे, तर देऊन टाकू म्हणतो. मी नोकरी सोडून डिझाइनचा कोर्स करू का? की त्या मुलीकडे सोपवू? की बंदच करू?

— पुण्याची एक वाचक

*

प्रिय मैत्रिणी,

आई गेल्याला वर्षही झालेलं नाही आणि तुम्हाला रडायला सवड मिळायच्या आत दिवाळीच्या ऑर्डरी समोर आल्या आहेत. म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. कोर्स करू नका. नोकरी इतक्यात सोडू नका. दुकान बंद करू नका. काय शिवायचं हे ठरवण्याचा अधिकार त्या सोलापूरच्या मुलीला द्या, सगळ्यांसमोर द्या, आणि तिच्या मागे मालक म्हणून उभ्या राहा. हे उभं राहणं हेच तुमचं काम, आणि ते कोर्सपेक्षा कठीण आहे.

तुमच्यासारखा पेच ज्यांच्यावर आला त्यांतलं सगळ्यात गाजलेलं फॅशनचं घर, म्हणजे कपड्यांची पेढी, पॅरिसमधलं. २४ ऑक्टोबर १९५७ रोजी त्या घराचे डिझायनर ख्रिश्चन डिओर इटलीत मोन्तेकातिनीला गेले असताना हृदयविकारानं वारले. वय ५२. पहिलं कलेक्शन त्यांनी १२ फेब्रुवारी १९४७ला दाखवलं होतं, म्हणजे घर जेमतेम दहा वर्षांचं होतं आणि हजारभर माणसांची चूल त्यावर पेटत होती. पैसा मार्सेल बुसाक या कापड गिरणीवाल्याचा. डिओरच नसतील तर डिओरचं दुकान कसलं, असं त्यालाही वाटलं होतं, बंद करण्याचा विचार झाला होता. शेवटी कारभारी जाक रुए यांनी जे जाहीर केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. एकट्या माणसाला त्यांनी डिओरच्या जागी बसवलं नाही. स्टुडिओ रेमोंद झेनाकेर बघतील, शिवणकामाचे कारखाने मार्गरीत कारे यांच्याकडे, एकूण नजर मित्सा ब्रिकार यांची, आणि रेखाटनं करणार इव्ह सँ लोराँ. पहिल्या तिघी डिओर यांच्या अगदी जवळच्या. चौथा २१ वर्षांचा पोरगा, दोनच वर्षांपूर्वी कामाला लागलेला.

आता या पोरानं काय केलं ते नीट ऐका, कारण तुमच्या दिवाळीच्या नमुन्यांचं उत्तर त्यात आहे. डिओर यांची जगभरची ओळख होती आवळलेली कंबर आणि खाली भरघोस घेर. ३० जानेवारी १९५८ला सँ लोराँनं त्यांच्यामागचं पहिलं कलेक्शन दाखवलं आणि त्यात ती कंबरच सोडून दिली. खांद्याशी अरुंद, खाली मोकळा पसरत जाणारा झगा. गुरूला जाऊन तीन महिने झाले होते. पॅरिसनं त्याला डोक्यावर घेतलं, अव्हेन्यू मोंतेन्यवरच्या डिओरच्या बाल्कनीखाली लोक जमले. सगळ्यात ठळक खूण गेली आणि तरी कोणाला ते परकं वाटलं नाही, कारण तो झगा कापला आणि शिवला होता मार्गरीत कारे यांच्याच कारखान्यांनी. डिओर कागदावर रेघ मारायचे, त्या रेघेचं पांढऱ्या कापडात आधी कच्चं रूप करून बघणाऱ्या त्या बाई होत्या. रेघ मारणारा बदलला, कापडाला हात लावणारे तेच राहिले.

म्हणून मला तुमच्या पत्रातली काठापेक्षा माया महत्त्वाची वाटली. तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहिलंय. पाठीवरचा आडवा काठ ही आईची खूण झाली, पण बाई दहा वर्षांनी तोच ब्लाऊज घेऊन परत येते ती काठासाठी येत नाही. आत दोन्ही बाजूंना सोडलेल्या कापडासाठी येते. बाळंतपणं होतात, दंड भरतात, आणि पन्नाशीतल्या बाईला आपला लग्नातला ब्लाऊज पुन्हा घालावासा वाटतो, हे तुमच्या आईनं गळा आखतानाच धरलेलं होतं. खणाचा पन्ना मुळात लहान, त्यातून माया काढायची म्हणजे कापड जास्त लागतं, हिशेब बघणाऱ्या तुम्हाला तो खर्च दिसत असणार. हे तिचं डिझाइन होतं, काठाइतकंच, माझ्या मते काठाहून जास्त. तेव्हा एक करा. त्या मुलीनं केलेला बिनकाठाचा ब्लाऊज उलटा करून बघा. मुंढ्यापाशी, कुशीत, बाहीत माया सोडलीय का? अस्तर नंतर आटू नये म्हणून आधी भिजवून घेतलंय का? सोडली असेल, घेतलं असेल, तर तिनं आईचं शिक्षण पुढे नेलंय, बाहेरून काही का दिसेना. नसेल, तर तेवढ्यावर तिला टोका. काठावर नको.

नातेवाइकांचं बोलणं मनावर घेऊ नका असं मी म्हणणार नाही, ते लागतंच. पण "मुलीनंच चालवायची" या वाक्यात दोन निराळी कामं एकत्र बांधली गेली आहेत, ती सोडवून घ्या. पॅरिसमधलंच एक जुनं घर आहे, लान्व्हँ. जान लान्व्हँ या टोप्या करणाऱ्या बाई, त्यांनी आपल्या लहान मुलीसाठी इतके सुरेख कपडे शिवले की लोक आपापल्या मुलींसाठी मागू लागले, आणि त्यातून ते कपड्यांचं घर झालं. त्या घराच्या चिन्हावर आजही आई आणि मुलगी आहेत. १९४६मध्ये जान गेल्या. घर त्या मुलीकडे आलं. ती तोवर मारी-ब्लांश द पोलिन्याक झाली होती, नामांकित गायिका होती. ज्या मुलीसाठी हे सगळं सुरू झालं तिच्यापेक्षा मोठा हक्क कोणाचा? तिनं मालकी सोडली नाही, शेवटपर्यंत घर सांभाळलं. पण १९५०मध्ये आंतोनिओ कास्तिओ या स्पॅनिश डिझायनरला बोलावून कलेक्शनं त्याच्या हाती दिली. आईशी तिनं बेइमानी केली असं कोणी म्हणत नाही.

कोणी तुम्हाला इटलीच्या व्हर्साचे या फॅशनच्या घराचं उदाहरण देईल. जियान्नी व्हर्साचेंचा जुलै १९९७मध्ये मायामीत खून झाला आणि बहीण दोनातेला त्यांच्या जागी आली, तीन महिन्यांत तिनं कलेक्शन दाखवलं. खरं आहे. पण दोनातेला भावाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं काम करत होती, व्हर्सस नावाची त्यांची धाकटी शाखा तिच्याच हाती होती. रक्ताच्या नात्यानं तिला खुर्चीपाशी नेलं असेल, काम आधीच अंगात मुरलेलं होतं. तुमच्या घरात त्या अर्थानं आईची वारस कारखान्यात बसलेली आहे आणि तुम्ही गल्ल्यावर. दोन्ही जागा आईनंच दिलेल्या.

आता मास्तर. मला या सगळ्यात सर्वात जास्त काळजी त्यांची वाटते. ते त्या मुलीला बोलले ते चुकलं, चारचौघांत तर फारच चुकलं. पण ३० वर्षांहून जास्त काळ एका बाईच्या शब्दावर कापड कापणारा माणूस आज कोणाच्या शब्दावर कापायचं या धास्तीत असतो. बाई गेल्या, उद्या आपलीही गरज राहणार नाही, असं त्यांच्या मनात येत नसेल का? त्यांच्याकडे तुम्ही एकट्या जा, घरी जा, पेढे-मिठाई काही नको, आईच्या मापवह्या आणि कागदी फर्मे, म्हणजे कापड बेतायचे साचे, घेऊन बसा. कुठला फर्मा कुठल्या साली बदलला, मागचा गळा खोल असला की खांदा किती कमी धरायचा, इरकल ताणली जाऊ नये म्हणून काठ कसा कच्चा घालून घ्यायचा, हे सगळं त्यांच्या तोंडून लिहून घ्या, जमलं तर कापताना चित्रीकरण करा. वह्यांत मापं आहेत, ती का घेतली हे मास्तरांच्या डोक्यात आहे. या कामाचे त्यांना वेगळे पैसे द्या. आणि तिथेच स्पष्ट सांगा की शिवण कशी पडावी, माल बाहेर जाण्याजोगा झाला की नाही, यावर शेवटचा शब्द त्यांचा. काय शिवायचं यावर शेवटचा शब्द त्या मुलीचा. दोघांचं अडलं तर तुमच्याकडे यायचं, बंद दाराआड. गिऱ्हाइकासमोर किंवा काज-बटणवाल्या बायकांसमोर नाही.

दोघांना एकत्र बसवायला एक काम तुमच्याकडे तयारच असणार. आई गेली तेव्हा टेबलावर काहीतरी अर्धं राहिलं असेल. कापून ठेवलेला सेट, खुणा केलेलं कापड. फेब्रुवारी २०१०मध्ये अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश डिझायनरनं लंडनमध्ये आयुष्य संपवलं तेव्हा त्याचे १६ पोशाख अपुरे होते. ते त्याच्या माणसांनी पुरे केले आणि मार्चमध्ये पॅरिसला मोजक्या लोकांसमोर दाखवले. त्यानंतर मे महिन्यात सारा बर्टन हिला त्याच्या जागी नेमलं. ती १९९६पासून त्याच्याकडे होती, शिकत असतानाच आलेली. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या राजघराण्यातल्या लग्नाचा केट मिडलटनचा पोशाख तिनं केला. आधी गेलेल्याचं अपुरं काम हातावेगळं करायचं, मग आपलं सुरू करायचं, हा क्रम मला मनापासून पटतो. आईचे अर्धे राहिलेले कपडे मास्तरांनी आणि त्या मुलीनं मिळून पुरे करावेत. ज्यांची ऑर्डर असेल त्यांना ते तुम्ही स्वतः नेऊन द्या.

"काकूंसारखंच हवं" म्हणणाऱ्या बायका आईवर माया करतात म्हणून तसं म्हणतात. त्यांना तसं द्यायलाही हवं, पण सगळं दुकान त्यावर चालवू नका. पॅरिसच्या डिझायनर कोको शनेल जानेवारी १९७१मध्ये गेल्या. त्यानंतर बारा वर्षं त्यांच्या घरातल्या लोकांनी त्यांचेच सूट प्रामाणिकपणे पुढे शिवले. घर टिकलं, अत्तरं विकली जात होती, पण कपड्यांकडे तरुण बायका बघेनाशा झाल्या. १९८३मध्ये डिझायनर कार्ल लागरफेल्ड आले, त्यांनी तेच ट्वीडचं जॅकेट, तीच साखळी, तीच कमेलियाची फुलं घेतली आणि बेधडक मोडतोड करून नव्यानं मांडली. तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या मुली आज २५ वर्षांच्या आहेत. त्या आईबरोबर दुकानात येतात की बाहेर गाडीत बसून राहतात, ते बघा. तुम्हाला उत्तर तिथेच मिळेल.

यातून दिवाळीची वाट निघते. अझेदीन अलाया हे डिझायनर नोव्हेंबर २०१७मध्ये पॅरिसला वारले तेव्हा त्यांच्या घरानं नवा डिझायनर आणायची घाई केली नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये पीटर म्युलिए यांचं नाव जाहीर होईपर्यंत तिथल्या स्टुडिओनं अलायांच्याच जपून ठेवलेल्या कामावर घर चालवलं, जुने कपडे साल सांगून पुन्हा काढले. तुम्ही आईचे पाच-सहा फर्मे निवडा, तिचे म्हणून, साल लिहून पुन्हा काढा. "काकूंसारखं" ज्यांना हवं त्यांना खुद्द काकूंचंच मिळेल. त्यांच्या शेजारी त्या मुलीचे नमुने ठेवा, चिठ्ठीवर तिचं नाव घालून. दुकानावर आईचं नाव राहू दे, कपड्यावर ज्याचं काम त्याचं नाव येऊ दे. एकच गोष्ट टाळा. तिनं आखलेलं आईच्या नावावर खपवू नका. फसवणूक तर आहेच, शिवाय सहा वर्षं शिकलेली मुलगी त्यानंतर टिकणार नाही.

गोव्यात वेंडेल रॉड्रिक्स या डिझायनरनं हे जितेपणी उरकलं होतं. २०१६मध्ये त्यांनी आपल्या लेबलची सूत्रं शुलेन फर्नांडिस या आपल्याच हाताखाली तयार झालेल्या डिझायनरकडे दिली आणि स्वतः कोलवाळच्या घरी गोव्याच्या वेशभूषेचं संग्रहालय उभं करण्यात गुंतले. फेब्रुवारी २०२०मध्ये ते गेले तेव्हा पुढचं कोण, हा प्रश्न कोणाला पडला नाही. तुमच्या आईला तेवढी सवड मिळाली नाही. पण दोन लग्नसराईंचे निम्मे सेट जिच्यावर सोडले, तिच्याबद्दल आईचं मत काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. मास्तरांनाही माहीत आहे. ते आईच्या वतीनं बोलून दाखवायचं काम तुमच्यावर आलंय.

दादाशी मात्र भांडू नका. आईनं मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं तुम्हा दोघांचा हक्क सारखा आहे, दुकानावर आणि नावावरही. त्यामुळे तुम्ही एकट्यानं कोणाला काही द्यायचं कबूल करू नका, आणि त्यालाही सही करू देऊ नका. नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं आहे का ते बघा. कपड्यांसाठी वर्ग २५ असतो, नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. आईच्या नावावर असेल तर ते वारसांच्या नावावर करून घ्या, नसेल तर आता अर्ज करा. चांगल्या वकिलाकडून आणि सीएकडून धंद्याची किंमत काढून घ्या, म्हणजे दादाचा वाटा त्याला हप्त्यानं देता येईल किंवा दरवर्षी नफ्यातून देता येईल. त्याला पैसे हवे असतील तर त्यात वावगं काही नाही. पण नाव एकदा गेलं की परत येत नाही. अमेरिकेत हॉलस्टन या डिझायनरनं १९७३मध्ये आपलं नाव कंपनीला विकलं, आणि पुढे स्वतःच्या नावानं कपडे करण्याचीही त्याला मुभा उरली नाही. मुंबईच्या कंपनीला नुसतं नाव हवंय. १४ माणसं, मास्तर, मापवह्या यांचं त्या करारात काय होणार, हे त्यांना लेखी विचारा. उत्तर दादालाही वाचून दाखवा.

त्या मुलीशीही सगळं कागदावर असू द्या. पगार किती, विक्रीत तिचा हिस्सा किती, तिनं केलेले फर्मे कोणाचे, ती सोडून गेली तर काय. सोलापूरहून येऊन पुण्यात भाड्यानं राहणारी मुलगी हे आपणहून विचारणार नाही, तुम्हीच काढा.

आणि आता सँ लोराँचं राहिलेलं. १९५८मध्ये ज्याला डोक्यावर घेतलं, त्यानंच १९६०मध्ये काळी चामड्याची जॅकेटं आणि उंच गळ्याचे स्वेटर दाखवले तेव्हा डिओरची जुनी गिऱ्हाइकं बिथरली. त्याच सुमारास त्याला सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं. या खेपेला घर त्याच्यामागे उभं राहिलं नाही. तो लष्करी इस्पितळात खचून पडलेला असताना त्याची जागा मार्क बोआँ या दुसऱ्या डिझायनरला दिली. सँ लोराँनं दावा लावला, जिंकला आणि १९६१मध्ये आपला जोडीदार पियेर बेर्जेबरोबर स्वतःचं घर काढलं. बोआँनं डिओर १९८९पर्यंत उत्तम चालवलं, घराचं नुकसान झालं असं नाही. पण जी जॅकेटं गिऱ्हाइकांना झेपली नाहीत, त्यांच्या वाटेनं पुढे सगळी फॅशन गेली, आणि ते श्रेय दुसऱ्या पाटीखाली जमा झालं.

म्हणून त्या मुलीला या आठवड्यातच भेटा, दिवाळी होऊन विक्रीचे आकडे हातात येण्याआधी. तिला सांगा की बिनकाठाचे ब्लाऊज दुकानाच्या दर्शनी भागात लागणार आहेत, आईच्या जुन्या फर्म्यांच्या शेजारी, थोडेच नग. मास्तर ते कापतील, कारण तुम्ही त्यांच्याशी बोलला आहात. भाऊबीजेपर्यंत खपले नाहीत तर उरलेले तुम्ही दोघी मिळून बघाल, काय नडलं ते शोधाल, आणि लग्नसराईचं कलेक्शन तरीही तीच करेल. तोंडी सांगा आणि त्याच दिवशी नेमणुकीचं पत्रही द्या, दुकानाच्या शिक्क्याचं, तारखेसह.

तुमची,
ताई